वहिनींची वही आणि डिझेल पिकअप: एका गाडीबदलाचा पूर्ण हिशेब

मी एका पतसंस्थेत वाहन-कर्जाची प्रकरणं तपासतो. हप्ते थकले की गाडी ओढून आणावी लागते, आणि ती आवारात उभी राहते तेव्हा मालकाच्या घरातलं कोणीतरी हौद्यातली ताडपत्री नाहीतर देवाचा फोटो न्यायला येतं. हे बारा वर्षं पाहतोय. म्हणून माझ्या चुलतभावानं, दादानं, गेल्या दिवाळीनंतर "डिझेल पिकअप घेतोय, कागद बघून दे" म्हटलं, तेव्हा कागदांच्या आधी मी वहिनींची वही मागितली.

दादाकडे तेव्हा सीएनजीवरची सुपर कॅरी ही छोटी मालगाडी होती. कर्ज फिटलेलं. नारायणगावपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या चार-पाच गावांतून तो बांधावरचा माल उचलतो आणि पुण्याच्या मार्केट यार्डात पोचवतो. टोमॅटोचा मोठा सौदा नारायणगावच्या उपबाजारातच होतो, तिथून माल मोठ्या ट्रकांनी परराज्यात जातो. दादाचं गिऱ्हाईक वेगळं: थोडा टोमॅटो, थोडी काकडी, थोडी वांगी असा मिसळ माल असणारे, ज्यांचे पुण्यातले आडतदार ठरलेले आहेत. सगळा माल कॅरेटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये. एका कॅरेटचं भाडं 55 रुपये. जाऊन-येऊन 170 किलोमीटर.

वहिनी तीन वर्षांपासून प्रत्येक खेप लिहितात. किती कॅरेट, कोणाची, गॅसच्या रांगेत किती वेळ गेला, आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द: "उरले". म्हणजे त्या दिवशी माल होता, गाडीत जागा नव्हती. कर्जाच्या फाइलला जोडलेला इतका चांगला कागद मी क्वचित पाहिला आहे.

शोरूममधून दादाला दोन वाक्यं ऐकवली होती. पहिलं, "जीएसटी 28 वरून 18 वर आलाय, हीच वेळ आहे." दुसरं, "हप्ता म्हणजे दिवसाला फक्त पाचशे रुपये."

पहिलं वाक्य खरं आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा कर दहा टक्के बिंदूंनी उतरला. 128 चे 118 झाले, म्हणजे कराआधीची किंमत तीच राहिली तर गाडी पावणेआठ टक्क्यांच्या आसपास स्वस्त. फक्त नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरतो. दादाच्या गाडीला उन्हाळ्यात जी किंमत सांगितली जात होती ती आता कोणी देत नव्हतं. 3 लाख 20 हजारांवर बोलणं थांबलं.

दुसरं वाक्य मात्र मला सतावत राहिलं. पिकअप रस्त्यावर येईपर्यंत 10 लाख 20 हजार. जुनी विकून आलेले 3 लाख 20 हजार भरायचे, उरलेल्या 7 लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं. हप्ता 15,045 रुपये. तीस दिवसांनी भागलं तर पाचशे येतात, हेही खरं. पण गाडी तीस दिवस चालते कुठे? वहीप्रमाणे नव्या गाडीला वर्षाला फार तर 175 खेपा मिळणार होत्या. वर्षाचा हप्ता 1,80,540. भागाकार केला की एका खेपेवर 1,032 रुपये बसतात. गाडी दारात उभी असते त्या दिवसाचे पाचशेही चालत्या दिवसालाच कमवावे लागतात.

डिझेल महाग पडतं, आणि तरीही

डिझेल म्हणजे स्वस्त, हे आमच्याकडच्या चाळिशीपुढच्या माणसांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, त्याआधी पेट्रोल आणि डिझेलमध्ये मोठी दरी होती, त्या काळातली ती समजूत. आज हिशेब उलटा आहे. दादाची गाडी भरल्या-रिकाम्याच्या सरासरीत किलोला 18 किलोमीटर देते. गॅस 90 रुपये धरला तर किलोमीटरला पाच रुपये. गावातल्या तीन पिकअपवाल्यांना विचारून मी डिझेलची सरासरी 13 धरली आणि दर 91. किलोमीटरला सात रुपये. म्हणजे एका खेपेला गॅस 850 चा, डिझेल 1,190 चं. दादा इथेच थांबून म्हणाला, "मग नकोच."

पण गाडीवाल्याला किलोमीटरचे पैसे मिळत नाहीत, कॅरेटचे मिळतात. कॅरेटमध्ये माल 20 किलो, वर कॅरेटचं स्वतःचं वजन. 22 किलो धरू. सतराशे किलो पासिंगच्या (म्हणजे कागदोपत्री तेवढाच माल मंजूर असलेल्या) पिकअपमध्ये 77 कॅरेट नियमात बसतात. एका कॅरेटमागे डिझेल साडेपंधरा रुपये. दादा आज 45 कॅरेट नेतो, त्याला कॅरेटमागे गॅस जवळजवळ 19 रुपये. किलोमीटरला महाग असलेलं इंधन कॅरेटला स्वस्त पडतं, अट एकच: हौदा भरलेला हवा.

पंचेचाळीस कॅरेट

इथे मला थांबावं लागलं, आणि दादाला ते आवडलं नाही. 45 कॅरेट म्हणजे 990 किलो. त्याच्या गाडीचं पासिंग 625 किलो. नियमानं तिच्यात 28 कॅरेट बसतात, एकोणतिसावं नाही.

28 कॅरेटचं भाडं 1,540 रुपये. खर्च असा: गॅस 850, टोल-किरकोळ 250, टायर-सर्व्हिस-पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) वगैरे किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आत, म्हणजे 204, आणि दादाची स्वतःची मजुरी 700. बेरीज 2,004. नियमानं चालवली तर प्रत्येक खेपेला 464 रुपये खिशातून जातात. 45 कॅरेट भरली की भाडं 2,475 आणि शिल्लक 471. तीन वर्षं जो नफा दिसत होता, तो सगळा त्या वरच्या सतरा कॅरेटमधून आलेला होता.

गावात सगळेच भरतात, हे मला माहीत आहे. तरी मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 अशी तरतूद आहे. एकदा धरलं तर चाळीसहून जास्त भरलेल्या खेपांची शिल्लक गेली. आणि दंड तरी भरता येतो. दीडपटीहून जास्त वजन घेऊन चाकणच्या कोंडीत दर पन्नास फुटांवर ब्रेक मारणारी गाडी माझा भाऊ पहाटे चालवतो, झोप अर्धी झालेली असताना. अपघातानंतर विमा कंपनीनं पासिंगवर बोट ठेवलं तर आपण काय सांगणार? वहिनी हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे आधी सांगायचं होतं." बरोबर आहे. मी कर्ज फिटेपर्यंत त्या गाडीचे हप्ते मोजत होतो, कॅरेट कधी मोजली नाहीत.

मजुरीबद्दलही वाद झाला. दादाचं म्हणणं, घरचाच ड्रायव्हर, पैसे कोणाला द्यायचेत? पण तो गाडीवर नसतो तेव्हा स्वतःच्या शेतात असतो किंवा दुसऱ्याची गाडी चालवून तेवढेच मिळवतो. म्हणून मजुरी खर्चात धरली, आणि वर्षाअखेर घरात किती येतात हे काढताना परत मिळवली.

भरलेले दिवस

2025 च्या हंगामात, मे ते नोव्हेंबर, दादानं पुण्याच्या 140 खेपा केल्या. त्यांतल्या 88 दिवसांसमोर "उरले" लिहिलेलं आहे, आणि उरलेला माल बहुतेक वेळा तीस-पस्तीस कॅरेटचा. म्हणजे 88 दिवस पिकअप भरली असती. बाकीच्या 52 दिवसांत छोट्या गाडीत सरासरी 38 कॅरेट गेली. जागा मोठी असती तर पन्नासपर्यंत मिळाली असती असं दादाचं म्हणणं, ते मी मान्य केलं.

पिकअपची भरलेली खेप: भाडं 4,235. खर्च 1,190 डिझेल, 350 टोल-किरकोळ, 340 देखभाल, 700 मजुरी, एकूण 2,580. शिल्लक 1,655. पन्नास कॅरेटच्या दिवशी शिल्लक फक्त 170. दोन आकड्यांमधली ही दरी बघितल्यावर मला पुढचं सगळं प्रकरण दिसलं. डिझेल गाडी भरलेल्या दिवसावर जगते.

हंगामाबाहेर उलटं घडतं. तेव्हा छोट्या गाडीला गावातली सत्तर-एक भाडी मिळतात: चारा, सिमेंट, घरसामान, कोणाचा कांदा चाळीत नेणं. एवढ्याशा कामाला कोणी पिकअप बोलवत नाही. निम्मी भाडी जातील असं धरलं. शिवाय बीएस-सहा या प्रदूषण-नियमातल्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला इंजिन पुरेसं तापून गाडी सलग पळावी लागते. दोन-तीन किलोमीटरच्या भाड्यांवर तो तुंबतो आणि खर्च काढतो.

विमा-कर धरून वर्षाची बेरीज अशी आली. छोटी गाडी, आज चालते तशी जादा भरून: मजुरीसकट घरात वर्षाला 1 लाख 93 हजार. नवी पिकअप, नियमात भरून: हप्त्याआधी 2 लाख 45 हजार, हप्ता गेल्यावर 64 हजार. महिन्याला साडेपाच हजारही नाहीत. दोन मुलं शाळेत, आणि साडेपाच हजार.

दादा बराच वेळ बोलला नाही.

परतीचा माल

पुण्याहून गाडी रिकामी येते असं सगळे म्हणतात. ती रिकामी येत नाही, रिकामी कॅरेट घेऊन येते. आणि आपली प्लॅस्टिकची कॅरेट एकमेकांच्या पोटात बसत नाहीत, एकावर एक चढतात. त्यामुळे परतीच्या भाड्याचा जो हिशेब शहरातली माणसं सहज मांडतात तो आमच्याकडे जमत नाही. हा पेच वहिनींनी सोडवला. पेंडीची पोती जड आणि बुटकी असतात: पन्नास किलोची वीस पोती हौद्याच्या तळाशी एका थरात बसतात, वर रिकामी कॅरेट रचता येतात. एक टन पेंड आणि दीडशे किलो कॅरेट, सतराशेच्या खूप आत. जुन्नर तालुक्यात गोठ्यांना तोटा नाही. गावातल्या पशुखाद्याच्या दुकानदारानं हंगामात आठवड्याला दोन खेपा, पोत्याला चाळीस रुपये, असं कबूल केलं. भरून येण्याचं जास्तीचं डिझेल वजा केलं तर खेपेला सातशे उरतात. अशा 52 खेपा धरल्या तर वर्षाला 36,400.

एवढ्यानंही नवी गाडी सावरत नव्हती. पाच वर्षांचा एकत्र हिशेब केला, शेवटी गाडीची जी किंमत येईल तीही अंदाजानं धरून. नवी पिकअप: घरात 5 लाख 4 हजार आणि पाच वर्षांनी गाडीचे 4 लाख 80 हजार, मिळून 9 लाख 84 हजार. आहे तीच छोटी गाडी: 9 लाख 67 हजार आणि गाडीचे 1 लाख 20 हजार, मिळून 10 लाख 87 हजार. गाडी न बदलणंच बरं. पण न बदलणं म्हणजे पाच वर्षं रोज 990 किलो.

म्हणून तिसरा रस्ता तपासला: तीन वर्षं वापरलेली पिकअप, 6 लाखांपर्यंत. जुनीचे पैसे घालून 2 लाख 80 हजारांचं कर्ज. वापरलेल्या गाडीला व्याज जास्त, 13 टक्के, मुदत तीन वर्षं, हप्ता 9,434. देखभाल किलोमीटरला आणखी एक रुपया. पहिली तीन वर्षं घरात वर्षाला 1 लाख 44 हजार, म्हणजे आजच्यापेक्षा जवळजवळ पन्नास हजार कमी. ही तीन वर्षं अवघड आहेत, मी वहिनींना तसं स्पष्ट सांगितलं. पुढची दोन वर्षं वर्षाला 2 लाख 57 हजार. शेवटी गाडीचे 3 लाख. एकूण 12 लाख 48 हजार, तेही पासिंगच्या आत.

(सीएनजीवरच्या पिकअपही मिळतात. आम्ही त्यांवर फार वेळ घालवला नाही, कारण वहीत गॅसच्या रांगेची सरासरी एक तास दहा मिनिटं आहे आणि 23 दिवस गाडी बाजाराला उशिरा पोचली आहे. उशिरा गेलेल्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीची रक्कम, शेतकऱ्याला कमी येते, आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्या गाडीला हात करतो. हे नुकसान मी कुठल्याच बेरजेत धरू शकलो नाही.)

हिशेब कुठे मोडेल

पतसंस्थेत शिकलेली एक सवय म्हणजे बरी बेरीज आली की तिला ढकलून बघायचं.

डिझेल पाच रुपयांनी वाढलं तर? खेपेला तेरा लिटर, म्हणजे 65 रुपये. 140 खेपांचे नऊ हजार. भरलेल्या दिवसाऐवजी पन्नास कॅरेटचा दिवस आला तर 1,485 चा फरक पडतो. म्हणजे डिझेलची पाच रुपयांची वाढ सहा भरलेल्या दिवसांइतकी. पंपावरच्या आकड्याची जेवढी चर्चा पारावर होते, तेवढी "उरले" या शब्दाची व्हायला हवी.

भरलेले दिवस 88 वरून 60 वर आले तर? वापरलेल्या पिकअपचे 12 लाख 48 हजार उतरून 10 लाख 40 हजार होतात, छोट्या गाडीचे 10 लाख 33 हजार. जवळजवळ बरोबरी. साठ हा काठ आहे. आणि 2023 मध्ये वहीत भरलेले दिवस 58 होते.

त्या वर्षाची आठवण सगळ्यांना आहे. जुलैत नारायणगावात टोमॅटोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं. ते आकडे बघून कितीजणांना गाडी घ्यावीशी वाटली, हे माझ्या टेबलावर आलेल्या अर्जांवरून मला ठाऊक आहे. पण भाव चढला होता तो माल नसल्यामुळे. शेतकऱ्याला कॅरेटमागे दोन हजार मिळत होते तेव्हाही दादाला पंचावन्नच मिळत होते, आणि कॅरेट निम्मी होती. भाव पार पडतो तेव्हाही गाडी भरत नाही. तोडणी आणि भाडं निघत नसेल तर माल शेतातच राहतो. गाडीवाल्याला मधला भाव हवा असतो, ज्यात कोणी श्रीमंत होत नाही आणि तोडणी थांबत नाही. 2024 मध्ये असे दिवस 83 निघाले. तीन वर्षांची सरासरी 76, आणि 76 वर वापरलेली पिकअप पाच वर्षांत 95 हजारांनी पुढे राहते. मोठी रक्कम नाही.

पेंडीचा माल मात्र काढून टाकला तर 88 दिवसांवरसुद्धा वापरलेली पिकअप 10 लाख 66 हजारांवर येते, छोट्या गाडीच्या किंचित खाली. आणि दुकानदाराचं बोलणं तोंडी आहे. मी दादाला म्हटलं, कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी पहिल्या दोन महिन्यांच्या खेपा त्याच्याकडून लिहून घे. दादाला संकोच वाटला, माणूस ओळखीचा. वहिनी जाऊन लिहून घेऊन आल्या.

कागद आणि मिस्त्री

कागदांच्या बाबतीत दोन भीती अनाठायी निघाल्या. मोठ्या गाडीला वेगळं लायसन लागेल असं दादाला वाटत होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केलं आहे की हलक्या वाहनाच्या लायसनवर 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. थर्ड पार्टी विम्याचा दरही 7,500 किलोपर्यंत एकच, 16,049 रुपये आणि वर कर. छोट्या गाडीलाही तो तितकाच होता. वाढतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. एक गोष्ट मात्र दादाला माहीत नव्हती: एकूण वजन 3,000 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. सतराशे किलो पासिंगची गाडी स्वतःच्या वजनासकट त्यापुढे जाते, तेव्हा परमिट काढावं लागतं. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

पहिली गाडी दिसायला सुंदर होती, नवा रंग, नवी ताडपत्री. आमचा मिस्त्री खाली सरकला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. मागच्या पाट्यांजवळ चेसिसला वेल्डिंग होतं, आणि पाट्यात दोन पानं जास्तीची घातलेली. म्हणजे आधीच्या मालकानं सव्वाशे कॅरेट भरून ओढली होती. जास्तीची पानं कंपनी घालत नाही, ओव्हरलोड घालतो. ती सोडली. दुसरी एका हार्डवेअर दुकानाची, हलक्या मालावर चाललेली, पाटे मूळचे, टर्बोला तेलाचा ओलावा नाही. तिचा डीपीएफ दुकानाच्या जवळच्या फेऱ्यांमुळे तुंबायला आला होता. तो स्वच्छ करून देण्याच्या अटीवर 5 लाख 90 हजारांत सौदा झाला. जुनं कर्ज फिटल्याची नोंद आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) चढेपर्यंत आणि बाकी चलनं भरून होईपर्यंत मी दादाला पूर्ण पैसे देऊ दिले नाहीत.

जानेवारीत गाडी घरी आली. वहिनींनी नव्या वहीत दोन रकाने वाढवले आहेत, एक परतीच्या पोत्यांचा आणि एक वजनाचा. दिवाळीला आम्ही तिघं पुन्हा बसणार आहोत. भरलेले दिवस साठच्या खाली असतील, किंवा पेंडीच्या खेपा निम्म्यावर आलेल्या असतील, तर हप्ता थकायच्या आत गाडी विकायची, हे तेव्हाच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे, खाली दादाची सही आहे.